गाडी एअर कुठून घेते

"मार!" बॉनेटखालून मिस्त्री ओरडला.

तिने किल्ली फिरवली. सेल्फ घुरघुरला, इंजिनाने दोन-चार गचके खाल्ले आणि पुन्हा गप्प. मागच्या नळीतून धुराची रेघसुद्धा नाही. धूर नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही, एवढं तिलाही कळत होतं.

"थांब. हां, आता मार."

"अहो, बॅटरी उतरेल."

"उतरू दे. मार म्हटलं की मारायचं."

"मारते. पण ओरडू नका, शेजारचे उठतील."

"उठू देत. त्यांना कुठे सेंटरला जायचंय?"

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. अंगावर शाल, मांडीवर सेंटरची पिशवी, मानेला पांढरी पट्टी. त्या पट्टीखाली एक नळी होती. दिवसाआड त्या नळीतून तिचं रक्त बाहेर काढायचं, मशीनमध्ये धुवायचं आणि परत आत सोडायचं. आधी हे काम हातातून चाले. मग डाव्या हाताची शीर बंद पडली, पुढे उजव्याची, आणि नळी मानेवर आली. सेंटर दुसऱ्या गावात, तासाभराच्या वाटेवर. पहिल्या पाळीचं मशीन तिचं होतं. उशीर झाला की ते बाहेर बाकावर बसून राहिलेल्या दुसऱ्या कुणाला मिळायचं आणि तिचा नंबर लागायचा दुसऱ्या दिवशी, तोही मशीन मोकळं असलं तर. एक पाळी चुकली की पाय सुजायचे. दोन चुकल्या की छातीत पाणी चढायचं. त्याच्यापुढचं डॉक्टर आपणहून बोलले नव्हते आणि मिस्त्रीने विचारलं नव्हतं.

मिस्त्रीने फिल्टरवरचा हातपंप दाबदाबून पाहिला. मग चारही नोझलचे नट एकेक करून सैल केले, फेस आला तो जाऊ दिला, निव्वळ डिझेल यायला लागल्यावर ते आवळले. इंजिन पेटलं तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवरून खाली उतरलं होतं. पहिल्या पाळीचं मशीन एव्हाना दुसऱ्या कुणाच्या तरी रक्तात गुंतलं असणार.

"गेली आजची," मिस्त्री म्हणाला.

"उद्या जाऊ. चहा टाकते," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन आत गेली. गेली ती जरा भरभरच गेली. पण मिस्त्रीचं तिकडे लक्ष नव्हतं. तो मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत होता.

गाडी त्यांच्या लेकीहून थोडी मोठी होती. चार सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन, लोखंडी ब्लॉक, लोखंडी हेड, कॉम्प्युटर वगैरे भानगड नाही. असलं इंजिन वेगाने पळत नाही, चढावर कुरकुरतं, थंडीत उठायला कंटाळतं, पण एकदा पेटलं की पेटलं. त्याला तेल वेळेवर, पाणी स्वच्छ आणि डिझेल गाळून द्यायचं, बाकी काही मागत नाही. मिस्त्रीने हे इंजिन दोनदा पूर्ण उतरवून पुन्हा बांधलं होतं. दोन्ही वेळा बॅटरी तिने धरली होती.

बॅटरी म्हणजे हातातली, उजेडाची. लग्न होऊन ती आली तेव्हा घर आणि गॅरेज यांच्यामध्ये एक पडदा होता फक्त. मिस्त्री गाडीखाली शिरला की आतून हाक यायची, "बॅटरी!" आणि ती हातातलं टाकून जायची. गल्लीतल्या पोरांना कितीतरी वर्षं तिचं नावच बॅटरी आहे असं वाटायचं. उजेड नेमका कुठे पाडायचा हे तिला इतकं कळायला लागलं होतं, की मिस्त्रीचा पाना जायच्या आधी उजेड तिथे जाऊन बसलेला असायचा. आणि जिथे माणूस रोज उजेड धरतो तिथलं त्याला दिसल्याशिवाय कसं राहील? ह्या इंजिनात जाळ आधी एका छोट्या खोलीत लागतो आणि मग तिथून मोठ्या खोलीत शिरतो, हे मिस्त्रीने तिला पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "म्हणजे आपल्या भांडणासारखं. आधी स्वयंपाकघरात, मग बाहेरच्या खोलीत." मिस्त्री ते गिऱ्हाइकांना सांगून सांगून हसायचा.

आता मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. गाडी एअर घेत होती.

डिझेलच्या गाडीचं हेच एक वाईट. नळीत जरा हवा शिरली की पंप हवाच ढकलत बसतो, आणि हवेवर काही इंजिन चालत नाही. त्यातून डिझेल गळलं तर निदान थेंब दिसतो, वास येतो, फरशीवर डाग पडतो. हवा आत शिरते तिचा ना डाग, ना वास. रात्रभरात नळीतलं डिझेल हळूच मागे टाकीत उतरून जातं आणि सकाळी इंजिन कोरडं. संध्याकाळी गाडी एका गचक्यात चालू होई. दुसऱ्या दिवशी सकाळीही होई. आणि मग नेमकी एखाद्या सेंटरच्या दिवशी, निघायच्या वेळी, दगड. मिस्त्रीने फिल्टर बदलला, त्याचं रबर बदललं, टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप बदलला, त्याच्या क्लिपा बदलल्या, तांब्याचे सगळे वायसर नवे टाकले. शेवटी टाकी उतरवली आणि आतली नळी तपासली. पाठ धरली. तिने मलम चोळून दिलं.

"भूत आहे," पंपवाला म्हणाला.

हा पंपवाला मिस्त्रीचा जुना दोस्त. आयुष्यभर डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त करून त्याच्या बोटांची सालं गेलेली, आणि तोंड त्याहून सुटलेलं. मिस्त्रीने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"भूत काय भूत! पंप बघ."

"पंप बघितला. तुझ्यापेक्षा तरुण आहे. वहिनी, ह्यालाच विकून टाका आणि गाडी ठेवा. गाडी निदान संध्याकाळी तरी सुरू होते."

"कोण घेईल हो?" ती दारातून म्हणाली.

"ते पण खरंच. वजनावर द्यायला गेलं तर अंगावर काही नाही. नुसता आवाज."

"हसा तुम्ही दोघं," मिस्त्री म्हणाला. "हिची पाळी चुकतेय आणि तुम्ही हसा."

पंपवाल्याने पिशवी उचलली. जाताना त्याने पिशवीतून पारदर्शक नळीचा तुकडा काढला आणि फिल्टर आणि पंपाच्या मध्ये बसवून दिला. "ह्यात बघ. बुडबुडा कधी येतो ते कळेल. आणि मिस्त्री, तोपर्यंत भाड्याची गाडी सांगून ठेव ना."

भाड्याची गाडी एकदा सांगून झाली होती. परत येताना तिला उलटी झाली, ड्रायव्हरने गाडी थांबवून सगळ्या काचा उघडल्या आणि घर येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. ती सारखी "माफ करा हो" म्हणत राहिली. त्या दिवसापासून मिस्त्रीने ठरवलं, दुसऱ्याच्या गाडीत नाही.

लेकीचा फोन आला तेव्हाही तेच. "बाबा, त्या डबड्यावर आईचा जीव टांगून ठेवू नका. मी इथून गाडी लावून देते, दर पाळीला दारात येऊन उभी राहील."

"डबडं म्हणू नकोस. तुला शाळेत कोणी सोडलं?"

"बाबा, मी भांडत नाहीये. आई किती बारीक झालीय, व्हिडिओवर पण दिसतं. पाळी चुकून चालणार नाही तिला."

"तेच मी म्हणतोय! तेच तर बघतोय मी!" असं ओरडून त्याने फोन बायकोच्या हातात दिला आणि पुन्हा बॉनेटखाली गेला. आत ती लेकीशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. काय बोलत होती, ते ऐकायला त्याला फुरसत नव्हती.

पाळी चुकलेले दिवस एका अर्थी विचित्रच जात. मिस्त्री दिवसभर अंगणात, गाडीच्या आत नाहीतर खाली. ती स्टूल घेऊन त्याच्याजवळ उन्हात येऊन बसे. सेंटरच्या दिवशी ती घरी यायची ती पिळून टाकलेल्या फडक्यासारखी, पायात गोळे, डोळे मिटलेले. दुसरा दिवस अंग सावरण्यात जायचा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सेंटर. चुकलेल्या दिवशी मात्र ती जागी असायची. एकदा तिने मांडणीवरचे सगळे डबे काढून पुसले. एकदा संत्रं सोललं. संत्रं तिला बंद होतं, फळं सगळीच बंद, पाणीसुद्धा मापाने. तिने दोन फोडी खाल्ल्या आणि उरलेल्या गाडीखाली हात घालून त्याला दिल्या.

"हे कुठून आणलंस? तुला चालत नाही."

"तुमच्यासाठी सोललं."

"तोंडाला वास येतोय तुझ्या."

"गाडीखालून वास येतो तुम्हाला? मग एअर कुठून येते तेही हुंगून बघा."

उजेड नको असतानाही ती बॅटरी धरून बसायची. मिस्त्री म्हणायचा, "जरा आत जाऊन पड," आणि ती "पडते" म्हणून तिथेच बसायची. हे सगळं त्याला नंतर आठवलं. त्या वेळी डोक्यात फक्त नळ्या होत्या.

पंपवाल्याच्या नळीने काम केलं, पण अर्धंच. सेंटरच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्रीने पाहिलं तर ती काठोकाठ भरलेली, पिवळीधमक. सकाळी पाहिलं तर रिकामी. पाळी पुन्हा चुकली. म्हणजे रात्रीत कुठून तरी हवा शिरली हे नक्की, आणि सगळं तर घट्ट. त्याने पाना लावून एकेक नट तपासला. सगळे घट्ट. रागाने त्याने फडकं आपटलं, आणि ते उचलायला वाकला तेव्हा फिल्टरच्या डोक्यावरचा, हवा बाहेर सोडायचा एअर स्क्रू नजरेच्या रेषेत आला.

मिस्त्रीची एक सवय होती, तिच्यावरून सगळे त्याला हसायचे. नट शेवटचा आवळून झाला की तो बारीक ब्रशने त्याच्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायचा, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट जरा जरी फिरला तरी रेघ मोडते. पंपवाला म्हणायचा, इंजिन दुरुस्त करतोस की रंगवून देतोस?

एअर स्क्रूवरची रेघ मोडली होती.

पण सैल पडणारा स्क्रू मागे येतो. हा पुढे गेला होता. रेघेच्या पुढे, चांगला पाव आटा पुढे. थरथरीने नट सैल होतो, उन्हाने होतो, म्हाताऱ्या वायसरने होतो. आपणहून जास्त घट्ट होणारा नट मिस्त्रीने आयुष्यात पाहिला नव्हता. तो कुणीतरी उघडला होता आणि परत लावताना जरुरीपेक्षा जास्त पिळला होता.

आणि असं पिळणारं माणूस त्याला एकच ठाऊक होतं. तिने बंद केलेला नळ दुसऱ्याला उघडत नसे, आतला वायसर चेपून जायचा. तिने लावलेल्या बरणीचं झाकण काढायला मिस्त्रीला पकड घ्यावी लागे. "आटे मोडेपर्यंत पिळतेस," तो म्हणायचा. "सैल राहिलं तर तुम्हीच बोलता," ती म्हणायची.

मिस्त्री स्टुलावर बसला. पहिल्यांदा मनात आलं, पितळेचे आटे आहेत, जातील अशाने. मग मनात आलं, पंपवाल्याला काय सांगायचं? तिसरा विचार हळूहळू आला. आला, आणि गेला नाही.

रात्री सैल, पहाटे घट्ट. तो उठायच्या आधी ती उठते, चहाचं आधण ठेवते. बॉनेटचा आवाज कसा येईल, बिजागऱ्यांना त्यानेच तेल घातलंय. पाना भिंतीवरच्या त्याच खिळ्याला परत, तोंड डावीकडे. तिला शिकवावं लागलं नव्हतं काही. तिने फक्त इतकी वर्षं उजेड धरला होता.

तो उठून दारापर्यंत गेला. आत ती पाय उंच करून पडली होती, पाय सुजायला लागले होते. दुसऱ्या दिवशी मशीन मोकळं आहे असा सेंटरमधून फोन आला, तोही त्याने नुसता कळवला. मग अंगणात येऊन पात्याने जुनी रेघ खरवडली आणि तिने जिथे स्क्रू आणून ठेवला होता, तिथेच नवी ओढली. बॉनेट लावलं. हात धुतले. जेवायला बसल्यावर म्हणाला, "मीठ नाही ह्यात," आणि मग त्याला आठवलं की मीठ बंद होऊन चार वर्षं झालीत.

सकाळी चहाचा कप पुढे आला तेव्हा तिच्या अंगठ्यावर पिवळा डाग होता. रात्री तिचा हात स्क्रूपाशी गेला तेव्हा रंग ओलाच असणार. त्याने डाग पाहिला. त्याने पाहिला हे तिने पाहिलं. दोघांनी चहा प्यायला.

गाडी पहिल्या गचक्यात पेटली.

गाव मागे पडलं. सीट मागे पाडून ती निजल्यासारखी बसली होती, तोंड खिडकीकडे.

"एवढं पिळायचं नसतं," मिस्त्री म्हणाला. "पितळेचे आटे आहेत."

"सैल राहिला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं तुम्हाला."

"मी टाकी उतरवली गं. टाकी!"

"मलम लावून दिलं ना."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी तो हसला असता. "सांगायचंस मला. तोंड आहे ना?"

"सांगितलं. मानेत नळी घातली तेव्हा सांगितलं, आता नको. तुम्ही म्हणालात, वेड्यासारखं बोलू नकोस, आणि पेपर तोंडासमोर धरलात. परत सांगितलं, तर उठून गॅरेजात गेलात. गाडी एक दिवस नाही म्हणाली तर अंगाखाली गोणपाट टाकून तिच्याखाली शिरलात. काय होतंय बाई तुला, कुठून घेतेस बाई हवा. मी ऐकत होते ना." ती जरा थांबली, तिला दम लागला होता. "गाडीचं ऐकता तुम्ही."

समोरून ट्रक आला. गरज नसताना मिस्त्रीने गियर बदलला, इंजिन कण्हलं, त्याने तो परत पहिल्यासारखा टाकला.

"आठवड्यातून एक पाळी कमी करता येते का ते विचारू," तो म्हणाला. "मी विचारतो डॉक्टरांना."

"कमी नको. बास करायचंय."

"बास म्हणजे काय ते कळतं का तुला?"

"मी विचारलंय डॉक्टरांना. तुम्ही बाहेर पार्किंगमध्ये तेल बघत होतात तेव्हा. आठवडा, फार तर दहा-बारा दिवस. झोप झोप येते म्हणाले. दम लागू नये म्हणून औषध देतात घरी. त्यांनी समजावलं मला पुष्कळ, दोनदा बोलावून समजावलं. मग म्हणाले, शेवटी तुमचं तुम्ही ठरवायचं. ही नळी काढली की पुढची घालायला जागा नाही, हे पण सांगितलं. तुम्हाला पण सांगितलंय ते."

सांगितलं होतं. मिस्त्रीने ते कुठेतरी ठेवून दिलं होतं आणि कुठे ठेवलं ते विसरायचा फार प्रयत्न केला होता.

"पोरीला?"

"तिला माहितीये. रडली. मग म्हणाली, बाबांना कोण सांगणार?"

"म्हणून मग एअर स्क्रू."

"मला वाटलं, गाडीनेच सांगितलं तर तुम्हाला पटेल."

बराच रस्ता गेला. इंजिन एका लयीत चाललं होतं. इतकं एका लयीत, की त्याच्यावर बोट ठेवायला मिस्त्रीला काही सापडेना.

"आणि मी काय करू?" त्याने विचारलं. हे विचारायचं नव्हतं, आपोआप बाहेर पडलं.

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मानेतल्या नळीमुळे तिला ते सोपं नव्हतं. "तुमच्यासाठीच येत होते इतके दिवस," ती म्हणाली. "बोलून दाखवत नाही. विचारलंत म्हणून सांगते."

मग थोड्या वेळाने, अगदी हलक्या आवाजात, "तुम्ही गिऱ्हाइकाला कसं सांगता हो, आता ह्याला बोअर करता येणार नाही, सिलिंडरला घासायला भिंत उरली नाही, उगीच खर्चात पडू नका. किती चांगलं सांगता. माणूस रडायला आलेला असतो, पण त्याला राग येत नाही तुमचा. मला तसं सांगा ना एकदा."

गिऱ्हाइकांच्या वेळचा तो आवाज मिस्त्रीला कुठेच सापडला नाही. तो रस्त्याकडे बघत राहिला.

सेंटरच्या आवारात त्याने गाडी नेहमीच्या जागी, भिंतीला लागून लावली. आज वेळेआधी पोचले होते. दारातल्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची सून बसली होती, मशीन कुणाचं तरी चुकेल या आशेने.

ह्या इंजिनाला किल्लीने बंद करता येत नाही. किल्ली काढून खिशात टाकली तरी ते चालूच राहतं, डिझेल मिळतंय तोवर. बंद करायला डॅशबोर्डखाली एक काळी मूठ आहे, ती ओढायची, की पंपाचं डिझेल तुटतं. मिस्त्रीचा हात त्या मुठीपाशी गेला आणि तिथेच थांबला.

"मी तिकडे जाऊन उभा राहतो," तो म्हणाला. "आत जायचं असेल तर ही ओढ. बंद झाली की येतो मी, हात धरून नेतो. नसेल जायचं, तर चालू राहू दे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत त्याने तिला गाडीतलं काही ठरवायला दिलं नव्हतं. फक्त उजेड.

"मागे वळून बघायचं नाही," ती म्हणाली.

"नाही बघत."

तो उतरला, दार हळू लावलं आणि सायकली ठेवतात त्या पत्र्याच्या छपरापर्यंत चालत गेला. गाडीकडे पाठ करून उभा राहिला.

बंद होताना ते इंजिन आधी श्वास रोखतं. मग अंग डावीकडे टाकतं, उजवीकडे टाकतं, शेवटी एक ठोका. हा आवाज त्याने इतक्या वेळा ऐकला होता की झोपेतही ओळखला असता. आता तो त्या आवाजाची वाट बघत होता. अंगातला कणन् कण कान झाला होता. ओढ, तो मनात म्हणाला. ओढ गं. ओढली नाहीस तर निदान कुठून तरी हवा शिरू दे. एखादी क्लिप सुटू दे. फिल्टर तुंबू दे. आयुष्यात पहिल्यांदा तो बिघाड मागत होता, आणि बिघाडाला जागा नव्हती. फिल्टर नवा होता. पाइप नवा, क्लिपा नव्या, वायसर नवे. नोझल त्याने स्वतः बसवलेले. जिथे जिथे काही सुटू शकलं असतं तिथे त्याचा हात फिरलेला होता.

इंजिन चालू होतं.

आतून ब्रदर आला. मशीन लावणारा हा मुलगा तिला मावशी म्हणायचा, सुई टोचताना विनोद करायचा. हातमोजे घालत घालतच तो पायरीवर उभा राहिला.

"काका, आणा ना मावशींना. मशीन तयार आहे."

मिस्त्री छपराकडेच तोंड करून उभा होता.

"काका? काय झालं? गाडी बंद होत नाहीये का?"

"ऐकतोय," मिस्त्री म्हणाला.

ब्रदरनेही कान दिला. "मस्त चालतेय हो! एवढी जुनी गाडी, पण थरथर नाही काही नाही. आमची दोन वर्षांत खडखडायला लागली."

"हो," मिस्त्री म्हणाला. "मीच ठेवलीय तशी."

"मग येताय ना? बाकीचे थांबलेत."

मिस्त्रीने आणखी जरा वेळ ऐकलं. मग बाकाकडे हात केला. म्हातारा तिथे डोळे मिटून बसला होता, सुनेने त्याचा हात हातात धरला होता.

"त्यांना लावा," तो म्हणाला. "आमचं झालं."

ब्रदर काहीतरी विचारत होता, पण मिस्त्री वळून निघाला होता. चालता चालता त्याने खिशातून फडकं काढलं आणि एकेक बोट धरून हात पुसायला लागला. गाडीपाशी पोचला तरी पुसतच होता. हात स्वच्छ होते.